फ्यूज कोणाच्या खिशात

लिफ्टकाकांच्या स्वयंपाकघरात, चहा-साखरेच्या डब्यांच्या रांगेत, काचेची एक बरणी होती. तिच्यात चिनी मातीचा एक जुना फ्यूज होता. बाकी काही नाही.

मी पहिल्यांदा बघितला तेव्हा वाटलं, चुकून राहिला असेल. त्यांच्या गच्चीवरची खोली भाड्याने घेऊन मला आठवडा झाला होता. साहित्यात एम. ए. करून मी नोकरी शोधत होते. काकूंनी चहाला खाली बोलावलं होतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"आमच्या घरची राज्यघटना," काकू म्हणाल्या.

मग काकांनी सांगितलं. त्यांनी अडतीस वर्षं लिफ्ट बसवल्या आणि दुरुस्त केल्या. लिफ्ट ज्या उभ्या विहिरीतून वरखाली जाते तिच्या तळाशी एक खड्डा असतो. मिस्त्री त्या खड्ड्यात उतरतो तेव्हा त्याच्या डोक्यावर टनभर लोखंड लटकत असतं. वर कोणी चुकून स्विच दाबला तर संपलं. म्हणून उतरण्याआधी मिस्त्री मेन फ्यूज काढतो आणि खिशात घालतो. जोडीदाराच्या खिशात नाही. साहेबाच्या टेबलावर नाही. स्वतःच्या.

"ज्याचा जीव खड्ड्यात, फ्यूज त्याच्या खिशात," काका म्हणाले. "बास. एवढाच कायदा."

हा कायदा त्यांनी घरी आणला होता. मुलाने इंजिनियरिंग अर्ध्यावर सोडून बेकरी काढायची म्हटलं तेव्हा मामापासून आत्यापर्यंत सगळे तुटून पडले. काकांनी बरणीतला फ्यूज काढून मुलाच्या हातावर ठेवला. विषय संपला. मुलगा आता दूरच्या शहरात पाव भाजतो.

"चांगला भाजतो," काकू म्हणाल्या. "मामा फुकट मागतो."

अकरा वर्षांपूर्वी काकूंच्या किडन्या निकामी झाल्या. काकांची जुळली. काकू आठ महिने नाही म्हणत राहिल्या. एक दिवस काकांनी फ्यूज शर्टाच्या खिशात टाकला आणि समोर येऊन बसले. म्हणाले, पोट माझं फाडणार आहेत, फ्यूज माझ्याकडे.

"खड्ड्यात तेव्हा दोघंही होतो," काकू मला म्हणाल्या. "पण फ्यूज एकच. यांनी आधी उचलला."

काका बशीत चहा ओतत होते. त्यांनी वर बघितलं नाही. हसत होते मात्र.

मला त्यांनी त्याच दिवशी 'कादंबरी' हे नाव दिलं. माझ्याकडे पुस्तकांची सात खोकी होती म्हणून.

पुढच्या वर्षी साथ आली.

काकूंना रोज दोन वेळा गोळ्या घ्याव्या लागत. दुसऱ्याची किडनी शरीराने झिडकारू नये म्हणून. त्याच गोळ्या अंगातली लढण्याची ताकदही कमी करतात. दुसऱ्याला दोन दिवस शिंका आणणारा आजार काकूंना पंधरा दिवस झोपवायचा. हा तर नवाच आजार. लस अजून निघाली नव्हती. किडनीच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, उंबरठा ओलांडू नका.

काकांनी दाराबाहेर एक खुर्ची ठेवली. मी दुकानातून सामान आणायचे आणि खुर्चीवर ठेवायचे. मग जिन्याच्या सहाव्या पायरीवर बसायचे. ते दोघं दाराच्या आत. मध्ये खुर्ची. आमच्या गप्पा अशा चार महिने चालल्या.

एका सकाळी काकू अंघोळीला गेल्या होत्या. काकांचा फोन वाजला. मोटारच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे काकांना कमी ऐकू येतं. फोन नेहमी स्पीकरवर. मला सगळं ऐकू आलं.

मोठ्या रुग्णालयातून देखभालीचे साहेब बोलत होते. स्ट्रेचरची लिफ्ट नऊ दिवस बंद होती. साथीचा वॉर्ड चौथ्या मजल्यावर. दुसरी लिफ्ट छोटी, तिच्यात स्ट्रेचर मावत नाही. ज्यांना धड श्वास घेता येत नाही अशा माणसांना खुर्चीत बसवून चार मजले उचलून न्यावं लागत होतं. ऑक्सिजनचे सिलिंडर खांद्यावरून. कंपनीची पोरं तीनदा येऊन गेली. लिफ्ट चालवणारं विजेचं पॅनल जुनं झालंय, सगळं बदला, म्हणाली. नवीन पॅनल यायला सहा आठवडे.

"ती लिफ्ट तुम्ही बसवलीत ना?" साहेबांनी विचारलं.

"मीच बसवली," काका म्हणाले. "पण नाही जमणार साहेब. घरी बायकोची तब्येत नाजूक आहे."

"समजू शकतो," साहेब म्हणाले. त्यांना खरंच समजलं असावं. त्यांनी आग्रह केला नाही.

काकांनी फोन ठेवला. माझ्याकडे बघितलं.

"कादंबरी, हे काकूच्या कानावर घालायचं नाही."

मी मान डोलावली. मलाही तेच बरोबर वाटलं.

पुढचे तीन दिवस काका घर दुरुस्त करत होते. गळका नळ. आवाज करणारा पंखा. खिडकीची कडी. माझ्या खोलीचं दार घासत होतं, त्याची बिजागरी मला देऊन कशी बसवायची ते खालून ओरडून सांगितलं. चौथ्या दिवशी घरात बिघडलेली एकही वस्तू उरली नाही. तेव्हा काकूंना संशय आला.

त्या कपडे भिजवायला घेत होत्या. काकांच्या शर्टाचा खिसा जड लागला. त्यांनी हात घातला.

मला हाक आली. मी पायरीवर येऊन बसले. काकू दारात उभ्या होत्या. हातात फ्यूज. मागे काका, बनियनवर.

"हा इथे काय करतोय?" काकूंनी काकांना विचारलं.

"हातात घेतला होता. राहिला खिशात."

"अडतीस वर्षांत तुमच्या खिशात काही चुकून राहिलेलं नाही. कोणाचा जीव खड्ड्यात आहे?"

काकांनी मान फिरवली.

"कादंबरी, तू बोल."

मी काकांकडे बघितलं. काका पंख्याकडे बघत होते. नुकताच दुरुस्त केलेला. मी पोपटासारखी सगळं बोलून गेले.

काकू चिडल्या की आवाज चढवत नाहीत, खाली आणतात. मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"म्हणजे जीव माझा. आणि फ्यूज तुमच्या खिशात."

"अगं, तुझ्यासाठीच नाही म्हटलं ना."

"ते मला कळतंय. मला विचारलंत का?"

"विचारायचं काय त्यात? उत्तर ठरलेलंच होतं."

"कोणाचं?"

नंतर काका मला म्हणाले की त्या क्षणी त्यांना आपल्या पहिल्या साहेबाची आठवण आली. तो माणूस वाईट नव्हता. मिस्त्री खाली असताना फ्यूज स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचा. माझ्याकडे जास्त सुरक्षित आहे, म्हणायचा.

"चुकलं," काका म्हणाले. "नाही म्हटलं ते चुकलं नसेल. विचारलं नाही ते चुकलं."

"मग आता विचारा."

"जाऊ का?"

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर नाही."

"हो म्हटलं तर?"

इथे काकांना वेळ लागला. "तर हो," ते म्हणाले.

"जड गेलं ना?"

"गेलं."

काकूंनी फ्यूज साडीच्या कमरेला खोचला. "संध्याकाळी सांगते," त्या म्हणाल्या आणि फोनकडे वळल्या.

काकू सव्वीस वर्षं एका कंपनीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. कुठल्याही इमारतीत कोणीही असो, तीन फोनमध्ये त्या माणसाला गाठायचं, ही त्यांची कला. मी पायरीवर बसून ती बघितली.

"बोर्डवर नवीन आहेस का गं?" पहिला फोन. "आधी नमस्कार, मग 'थांबा'. उलटं नाही. हं, आता दे देखभालीच्या साहेबांना."

साहेबांना त्यांनी विचारलं, मोटारची खोली कुठे आहे. गच्चीवर. तिथे वॉर्डातून न जाता पोचता येतं का. बाहेरून लोखंडी जिना आहे. खोलीला खिडक्या किती. दोन. उघडतात का. साहेबांना माहीत नव्हतं. "बघून सांगा, मी धरते," काकू म्हणाल्या. साहेब गच्चीवर जाऊन आले. उघडतात.

मग चौथ्या मजल्यावरच्या मोठ्या सिस्टर.

"तुम्ही कोण बोलताय?" सिस्टरनी विचारलं. त्यांचा आवाज दमलेला होता.

"मिस्त्रीची बायको. आणि ज्या पेशंटची काळजी म्हणून मिस्त्री येत नाहीये, ती पेशंट. दोन्ही मीच."

सिस्टर हसल्या. बहुतेक त्या दिवसातलं पहिलं.

मग किडनीचे डॉक्टर.

"माझं मत विचाराल तर नको," डॉक्टर म्हणाले.

"ते लिहून घेतलं. मला दुसरं विचारायचंय. हे परत आले की किती दिवस लांब ठेवू?"

"चौदा."

"ताट-वाटी वेगळी ठेवली तर?"

"तरी चौदा."

"बरं. आणि उद्या मलाच आडवं घालून तुमच्याकडे आणायची वेळ आली, तर कुठल्या लिफ्टने न्याल?"

"त्याच," डॉक्टर म्हणाले.

शेवटी मुलगा. तो ओरडलाच. "आई, डोकं ठिकाणावर आहे का? बाबांना फोन दे!"

"तू रोज भट्टी पेटवतोस. दुकान उघडतोस. मला विचारतोस का?"

"ते वेगळं आहे."

"तुझ्या वेळी मामाही फोनवर असाच उंटावरून शेळ्या हाकत होता. आठवतंय?"

मुलाचा आवाज लहान झाला. "मी काय करू सांग."

"काही नको. पाव भाज."

मी बसून होते. मी चार वर्षं माणसांच्या निर्णयांवर निबंध लिहिले होते. कोणी निर्णय घेताना इतक्या जवळून बघितलं नव्हतं. मला वाटायचं, माणूस खिडकीबाहेर बघत बसतो आणि ठरवतो. काकू माहिती गोळा करत होत्या. दुसऱ्यांना जे विचारायची भीती वाटते तेच त्या आधी विचारत होत्या.

संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं.

"कादंबरी, लिफ्टला दोर किती असतात?"

"एक?"

काका आतून ओरडले, "एका दोरावर मी मांजरही चढवणार नाही!"

"चार," काकू म्हणाल्या. "आणि त्यातला एकेक एकटा लिफ्ट पेलू शकतो. मग चार कशाला, म्हणून मी यांना लग्नानंतर विचारलं होतं. म्हणाले, कुठला कधी दगा देईल ते आधी कळत नाही म्हणून."

त्यांनीही चार लावले होते. काकांनी बाहेरच्या जिन्याने वर जायचं आणि त्याच जिन्याने उतरायचं. काम विहिरीच्या आतून करायचं, वॉर्डात पाऊल नाही. तोंडावर दोन मास्क, डोळ्यांना ग्राइंडिंगच्या वेळचा बंद चष्मा, बाराच्या आत बाहेर पडायचं. आणि परतल्यावर घरात यायचं नाही. मागच्या जिन्याने थेट गच्चीवरच्या खोलीत. चौदा दिवस.

"म्हणजे माझ्या खोलीत," मी म्हणाले.

"तू खाली ये. माझ्याकडे. आजपासून तूही बाहेर जायचं नाहीस. दुकानदार खुर्चीवर सामान ठेवेल."

"पण मी चार महिने दुकानात जातेय, काकू. माझ्यापासूनही धोका आहे."

"आहेच. थोडा. तो मी धरलाय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बिनधोक असं काही मागायला गेले असते ना, तर अकरा वर्षांपूर्वीच गेले असते."

काका दारात आले. "पण का, ते सांग," ते म्हणाले. "डॉक्टर नको म्हणतोय. पोरगा नको म्हणतोय. तू घरात बसून राहिलीस तर कोणी नाव ठेवणार नाही."

काकूंनी जरा विचार केला.

"त्याच लिफ्टने मला वर नेलं होतं. ऑपरेशनला. मी आडवी. छताकडे बघत होते. पत्र्याला चार स्क्रू हवे होते, तीनच होते. म्हटलं, यांनी बसवलेली लिफ्ट, आणि एक स्क्रू नाही."

"टाके निघाल्यावर बसवला तो," काका म्हणाले.

"माहितीये. म्हणून म्हणते, जा."

सकाळी सात वाजता काका निघाले. जुनी कॅनव्हासची पिशवी. दाराबाहेर थांबले. काकू दाराच्या आत. दोघांनी एकमेकांना हात केला नाही. काकू म्हणाल्या, "चष्मा घेतला?" काका म्हणाले, "घेतला."

आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो. मध्ये फोन, स्पीकरवर. फोनशेजारी फ्यूज. भिंतीवर घड्याळ.

आठला काकांचा आवाज आला. "वर पोचलो. खिडक्या उघडल्या. इथला फ्यूज काढला. खिशात घातला."

"तुमचा तुमच्याकडे," काकू म्हणाल्या. "माझा माझ्याकडे."

लिफ्ट तिसऱ्या मजल्याच्या थोडी वर अडकलेली होती. रुग्णालयाचा वायरमन मोटारचं चाक हाताने फिरवत राहिला. काका मोटारच्या खोलीतल्या झडपेतून लिफ्टच्या टपावर उतरले होते आणि तिथे बसून इंच इंच वर सरकत होते. हातात बॅटरी. प्रत्येक मजल्याच्या दाराला आतल्या बाजूला एक कुलूप असतं. सगळी दारं नीट लागल्याशिवाय ते लिफ्टला वीज मिळू देत नाही. एकाही दाराचं बिघडलं तर अख्खी लिफ्ट मुकी.

साडेनऊला काका म्हणाले, "सापडलं."

चौथ्या मजल्याचं दार. जंतू मारायचं औषध दिवसातून वीस वेळा त्या दारावर फवारलं जात होतं. ते फटीतून आत झिरपलं होतं. कुलपातल्या पितळी पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या. कंपनीची पोरं पॅनलच बघत राहिली, कारण पॅनल गच्चीवर होतं आणि हे दार साथीच्या वॉर्डाला लागून होतं.

"त्यांना नावं ठेवू नकोस," काका नंतर मला म्हणाले. "त्यांच्याही घरी कोणीतरी असेल. फक्त कोणी बसून विचारलं नाही की किती धोका, कुठे, किती वेळ. सगळा धोका एकच समजले."

त्यांनी पट्ट्या घासल्या. अर्धा तास गेला. मग फोनवर बराच वेळ नुसता श्वास.

"बोला," काकू म्हणाल्या.

"दार बसत नाहीये. बोटभर राहतंय. स्ट्रेचर आपटून खालची पट्टी वाकलीय. ती आतून सरळ होत नाही."

"मग?"

"बाहेरून घ्यावं लागेल. वॉर्डाच्या बाजूने."

मी काकूंकडे बघितलं. काकूंनी फ्यूज उचलला होता.

"किती वेळ?"

"वीस मिनिटं."

"खरं सांगा."

"पंचवीस."

"थांबा तिथेच." त्यांनी माझ्या फोनवरून वॉर्डाचा नंबर फिरवला. पाठ होता. "सिस्टर, लिफ्टसमोर काय आहे?"

"दोन खाटा. पेशंट आहेत."

"आत घेता येतील?"

"दाटीवाटीने येतील. दहा मिनिटं द्या. खिडक्याही सगळ्या उघडते." सिस्टर थांबल्या. "ताई, पण काहीच होणार नाही असं मी नाही सांगू शकत."

"तसं मी मागतच नाहीये," काकू म्हणाल्या.

मग त्यांनी माझा फोन खाली ठेवला. त्यांचा अंगठा फ्यूजच्या कडेवरून फिरत होता. टेबलावर गोळ्यांची डबी होती, सकाळ-संध्याकाळचे कप्पे असलेली. त्या डबीकडे बघत होत्या. त्यांनी नाही म्हणावं असं मला वाटत होतं. मनातल्या मनात मी अगदी हात जोडले होते.

"चारातला एक दोर गेला," त्या स्वतःशी म्हणाल्या. "तीन आहेत."

मग फोनकडे वाकून, "अहो, ऐका. वीस मिनिटं. पंचवीस नाही. विसाव्याला झालेलं नसलं तर दार आहे तसं सोडायचं आणि निघायचं."

"अर्धवट सोडून?"

"अर्धवट सोडून."

काकांनी आयुष्यात एकही काम अर्धवट सोडलं नव्हतं. हे मला माहीत होतं. काकूंना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"हो की नाही?" काकूंनी विचारलं.

"हो."

"फोन चालू ठेवा. वेळ मी सांगते."

खाटा हलल्या. त्यांची चाकं ऐकू आली. मग दार सरकल्याचा आवाज आणि लोकांचं खोकणं. ते आवाज आमच्या टेबलावर येत होते. मी हात मांडीखाली घेतले.

हातोडीचे ठोके सुरू झाले.

"पाच," काकू म्हणाल्या. एक्स्चेंजमधला आवाज. सपाट.

ठोके.

"दहा."

काहीतरी खाली पडलं. काका कोणालातरी म्हणाले, "लांब राहा, ताई, लांब." पुन्हा ठोके, आता घाईचे.

"पंधरा."

"येतंय," काका म्हणाले. धाप लागली होती.

"बोलू नका. सतरा."

काकूंच्या कपाळावर घाम होता. फ्यूज त्यांनी मुठीत इतका आवळला होता की बोटं पांढरी पडली होती.

"अठरा. हत्यारं गोळा करायला घ्या."

ठोके थांबले. मी डोळे मिटले. दार सरकल्याचा लांब आवाज. आणि मग एक छोटा, कोरडा, पूर्ण आवाज. खट्ट.

"ऐकलंस?" काका म्हणाले.

"ऐकलं," काकू म्हणाल्या. "एकोणीस. निघा."

लिफ्ट दुरुस्त झाली की पहिली फेरी मिस्त्री स्वतः मारतो. गच्चीवर चढून मोटारच्या खोलीत फ्यूज परत बसवून, बाहेरच्या जिन्याने तळमजल्यावर येऊन, काका लिफ्टमध्ये शिरले. एकटे. "निघालो," म्हणाले. "पहिला. दुसरा." आणि आवाज तुटला.

आम्ही वाट बघितली. काकू घड्याळाकडे बघत नव्हत्या आता. मी श्वास मोजले. तेवीस झाले.

फोन पुन्हा जिवंत झाला तेव्हा आधी नुसता गोंगाट आला. धडाधडा थापांचा. मला वाटलं, काहीतरी कोसळलं.

"चौथ्यावर आहे," काका ओरडत होते. "दार उघडलेलं नाही! बंदच ठेवलंय! बाहेरून वाजवतायत! सगळे वाजवतायत!"

बंद दाराच्या पलीकडून वॉर्ड टाळ्या वाजवत होता. दारावर.

काकूंनी मूठ उघडली. तळव्यावर फ्यूजचा ठसा उमटला होता. त्या उठल्या, तोंड धुतलं आणि चहा टाकला. चहात साखर दोनदा घातली. आम्ही तो तसाच प्यायलो.

बारा वाजून दहा मिनिटांनी सिस्टरचा फोन आला. पहिला पेशंट वर पोचला होता. एक आजोबा. "चार मजल्यांत झोप लागली हो त्यांना," सिस्टर म्हणाल्या. आणि त्या रडल्या की हसल्या ते मला कळलं नाही.

काका चौदा दिवस माझ्या खोलीत राहिले. माझी पुस्तकं वाचली. रोज फोनवर तक्रार. "कादंबरी, हा तुझा लेखक म्हणतो, लिफ्टचा दोर तुटला आणि माणूस मेला. बाकीचे दोर काय सुट्टीवर होते?"

सहाव्या दिवशी सकाळी वरून खोकला ऐकू आला. एकदा. मग तीनदा.

काकू भांडी घासत होत्या. हात थांबले. पाणी वाहत राहिलं. त्यांनी नळ बंद केला आणि फोन लावला.

"ताप?"

"नाही."

"वास येतोय?"

"तुझ्या फोडणीचा इथपर्यंत येतोय."

तरी त्यांनी तपासणीची माणसं बोलावली. निकालाला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत काकू फार बोलल्या नाहीत. मी एकदा विचारलं, "पश्चात्ताप होतोय का?"

"भीती वाटतेय," त्या म्हणाल्या. "पश्चात्ताप वेगळा. तो दुसऱ्याने ठरवलं असतं तर झाला असता."

निकाल आला. काहीही नव्हतं. खोकला कसला ते काकांनीच शोधून काढलं. माझ्या पाचव्या खोक्यातली धूळ.

"साथीतून वाचलो," ते फोनवर म्हणाले, "साहित्याने मारलं असतं."

पंधराव्या दिवशी ते खाली आले. काकूंनी त्यांना खिडकीजवळ उजेडात उभं केलं. पुढून बघितलं, बाजूने बघितलं.

"बारीक झालात."

"जेवण तूच पाठवत होतीस."

काकांनी बरणीचं झाकण काढून पुढे धरलं. काकूंनी फ्यूज कमरेचा काढला. पण बरणीत टाकला नाही.

"अजून एक काम आहे," त्या म्हणाल्या. "चार महिने मी डॉक्टरांना तोंड दाखवलेलं नाही. किडनी फोनवरून तपासता येत नाही. परवाची वेळ घेतलीय, तिसऱ्या मजल्यावर. सकाळी आठ, पहिला नंबर, गर्दी नसते. विचारलंय मी सगळं."

काकांच्या चेहऱ्यावर 'नको' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मला इतक्या लांबून वाचता आलं. त्यांनी ते गिळलं. "बूट कुठे ठेवलेत माझे?" त्यांनी विचारलं.

मीही गेले. रुग्णालयाच्या तळमजल्यावर लिफ्टसमोर एक माणूस स्टुलावर बसला होता. त्याने हात आडवा केला.

"ही फक्त पेशंटची लिफ्ट आहे."

"मी पेशंटच आहे," काकू म्हणाल्या. "आणि लिफ्ट यांची आहे."

त्या माणसाने काकांकडे बघितलं. मग उभाच राहिला. दार त्याने दोन्ही हातांनी उघडलं.

काका सवयीने आत शिरायला पुढे झाले. काकूंनी त्यांच्या छातीवर हात ठेवला.

"आज पहिली मी."

"अगं, पण—"

"फ्यूज कोणाकडे आहे?"

काका एक पाऊल मागे आले. काकू आत गेल्या. वर छताकडे बघितलं, स्क्रू मोजले असणार. मग दार ओढून घेतलं. खट्ट.

आम्ही दोघं बाहेर उभे होतो. दारावरचे आकडे पेटत गेले. एक. दोन. काकांचे ओठ हलत होते. तीन.

फोन वाजला.

"पोचले," काकू म्हणाल्या.

"हं," काका म्हणाले.

"तिसऱ्याला जरा हिसका देते हो तुमची लिफ्ट."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. एकदम मिस्त्री झाले. "थांबताना की सुटताना?"

"थांबताना दिला," काकू म्हणाल्या. "सुटताना देते का, ते खाली आल्यावर सांगते."